उकिडवे बसता यावे म्हणून

चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत गुडघा आणि कंबर यांच्यावर घर चालते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून पुडे बांधायचे, पाऊस पडला की बांधीत उतरून धानाची रोवणी करायची. यातले जवळजवळ प्रत्येक काम वाकून, नाहीतर उकिडवे बसून होते. शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत कंबरदुखीचा अभ्यास केला, तेव्हा दुखण्याबरोबर त्यापायी बुडणारे कामही मोजले. सांधेदुरुस्तीच्या शास्त्रात पाऊल टाकणाऱ्या वाचकापुढे मी हाच प्रश्न ठेवतो: सांधा दुरुस्त झाला, असे केव्हा म्हणायचे?

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो. ‘गादी झिजली’ असे लोक म्हणतात, तेव्हा बहुधा या थराविषयीच बोलत असतात. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि पेशीही विरळ आहेत. म्हणून कातडीची जखम भरून येते, कूर्चेची सहसा येत नाही. विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनमध्ये हे नोंदवले, आणि तो अडथळा आजही पुरता दूर झालेला नाही.

कूर्चेतले पाणी दाब सोसते. त्या पाण्याला धरून ठेवणारे आणि ताण सोसणारे जाळे कोलॅजन या प्रथिनाचे असते. कोलॅजनचा रेणू तीन पेडांचा आहे, हे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडले. त्यासाठी लागलेली कांगारूच्या शेपटीची कंडरा त्यांना शेजारच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेमार्फत मिळाली. कातडी कमावण्याच्या धंद्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेचा असा हातभार या शास्त्राला लागला, ही आपण अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

आता हेच कोलॅजन दुरुस्तीसाठी सुईतून देण्याकडे वळू. गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींतून काढलेल्या कोलॅजनच्या रेणूची टोके पेप्सिनने छाटली की शरीराने त्याला परके मानण्याचा धोका कमी होतो. हे अ‍ॅटेलोकोलॅजन थंड असताना पातळ राहते आणि शरीराच्या उबेत तंतू जुळून त्याचे जेल बनते. अमेरिकेत १९८१ साली गाईच्या कोलॅजनला मान्यता मिळाली ती सुरकुत्या भरण्यासाठी. तीही आधी ॲलर्जीची चाचणी घेऊन. सांध्यातले काम याहून कठीण, कारण तिथे भरलेल्या जागेवर माणसाचे वजन पडते. स्वीडनच्या ब्रिटबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून गुडघ्यात परत बसवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे हाडाला बारीक भोके पाडून मज्जेतल्या पेशींना वाट करून द्यायची आणि वर कोलॅजनचे आवरण किंवा जेल घालायचे, अशाही पद्धती आल्या. या सगळ्यांत कोलॅजन हा मांडव आहे, वेल पेशींचा. वेल चढला तरी तो कोणत्या जातीचा, हे पाहावे लागते, कारण खड्डा अनेकदा मूळ काचेरी कूर्चेऐवजी कमी टिकाऊ तंतुमय कूर्चेने भरतो.

म्हणून कोलॅजनचा हा उपचार मुख्यतः मर्यादित जागेतल्या, बाकी सांधा शाबूत असलेल्या इजेसाठी आहे. सगळा सांधा झिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याने नवा गुडघा मिळत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या काही रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाडच मरते. तिथे कूर्चेवर जेल घालून मूळ दुखणे हटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्याने सांधे ताठरतात, आणि तिथे पहिला इलाज पिण्याच्या पाण्याचा. या भागात काम करणाऱ्याने सुई उचलण्यापूर्वी ही दुखणी वेगळी ओळखायला शिकलेच पाहिजे. डब्यातून विकली जाणारी कोलॅजनची पावडर हा तर निराळाच विषय: पोटात गेलेले प्रथिन पचते, ते जसेच्या तसे गुडघ्यात जाऊन बसत नाही.

राहिला मोजमापाचा प्रश्न. गुडघ्याच्या आजारात जगभर वापरली जाणारी ‘वोमॅक’ प्रश्नावली कॅनडात तयार झाली. ती मोटारीत चढण्या-उतरण्याबद्दल, पायमोजे घालण्याबद्दल, बाथटबबद्दल विचारते. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवणच्या गावकऱ्यांतील सांधेदुखीचा दीर्घ अभ्यास उभा केला, आणि त्याच केंद्राने ही प्रश्नावली भारतीय राहणीला जुळवून घेतली. हे काम मला नव्या जेलच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते. जे विचारलेच नाही, त्यात सुधारणा झाली की नाही हे कळणार कसे? शिवाय अशा दुरुस्तीनंतर कित्येक आठवडे पायावर पूर्ण भार देता येत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईसाठी त्या आठवड्यांची मजुरी कोण भरून देणार, हा प्रश्नही उपचाराच्या आराखड्यातच हवा.

तेव्हा या क्षेत्रात रसायनशास्त्रज्ञांनी यावे, शल्यचिकित्सकांनी यावे, तसेच फिजिओथेरपिस्ट आणि आशाताईंनीही यावे. जेलची ताकद मोजणाऱ्याने खेड्यातल्या ओपीडीत बसून लोक गुडघ्याकडून कोणते काम मागतात ते ऐकावे, आणि ओपीडीतल्या डॉक्टरने कोलॅजनचे तीन पेड नीट समजून घ्यावेत. कोणत्या दुखण्याला हा उपचार द्यायचा आणि कोणत्याला नाही, हे दोघांनी मिळून ठरवले तर हे शास्त्र कष्ट करणाऱ्यांच्या खरोखर उपयोगी पडेल.