मनुष्यवधाच्या कराराचे दगड

इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, राजवाडे आणि लढाया उभ्या राहतात. आज ज्या दगडांविषयी बोलायचे आहे ते साध्या माणसांनी उभारले. जर्मनी, बोहेमिया आणि आज बहुतांशी पोलंडमध्ये असलेला सिलेशिया या मुलखांत शेताच्या बांधावर, जुन्या वाटांच्या फाट्यावर ओबडधोबड दगडी क्रूस दिसतात. पुष्कळसे कमरेएवढेही नाहीत. बहुतेकांवर अक्षर नाही. काहींवर तलवार, कुऱ्हाड किंवा नांगराचा फाळ तेवढा कोरलेला असतो.

आपला वीरगळ लढून पडलेल्याचा गौरव करतो. हा क्रूस मात्र मारणाऱ्याने, स्वतःच्या खर्चाने, मेलेल्यासाठी उभारायचा. तेराव्या ते सोळाव्या शतकांत तिकडे मनुष्यवध झाला की पुष्कळदा दोन्ही घरे मध्यस्थांसमक्ष करार करीत. मृताच्या बायकामुलांना पैसे, चर्चला मेणबत्त्यांचे मेण, कधी रोमची किंवा आखेनची यात्रा, आणि त्याबरोबर हा क्रूस, अशी कलमे असत. सुडाचे सत्र थांबावे, हा हेतू. १५३२ साली सम्राट पाचव्या चार्ल्सची फौजदारी संहिता आली, शिक्षेचा अधिकार न्यायालयांकडे गेला आणि ही चाल हळूहळू मोडली.

मी कामगार चळवळीतला माणूस. करारमदार हा माझा रोजचा विषय. भरपाईचा आकडा ठरला, सह्या झाल्या, की गेलेल्या माणसाचे नावही कोणी काढीत नाही. त्या लोकांनी केवळ पैशावर भागवले नाही. अंतिम संस्काराविना मेलेल्यासाठी येणाऱ्याजाणाऱ्याने प्रार्थना करावी, म्हणून त्यांनी दगडाचे कलम घातले.

पुढे लोक ते विसरले. कित्येक क्रूसांना तीस वर्षांच्या युद्धातल्या स्वीडिश सैनिकांची थडगी ठरवण्यात आले. कोणी ते भिंतीत बसवले, कोणी रस्ता रुंदावताना उखडले. प्रत्येक क्रूसाचा करारही सापडत नाही. काही हद्दीचे किंवा अपघाताचे असावेत. आज चेक देशातील आश येथील संग्रहालयात त्यांची नोंद ठेवली जाते, आणि अनेकांना कायद्याचे संरक्षण आहे.

पण नोंद आणि कायदा यांनी काम पुरे होत नाही. अक्षर नसलेल्या दगडाची जागा हीच त्याची साक्ष. तो हौसेने बागेत नेला, तर दगड उरतो आणि करार बुडतो. म्हणून तो जिथे आहे तिथेच राखला पाहिजे. आणि हे काम अखेर त्या वाटेने रोज जाणाऱ्या गावकऱ्यांचेच आहे.