चार गुंठ्यांची शाळा



व्यापार हा शिकवून येत नाही, तो रक्तातच असावा लागतो, असा आपल्याकडे एक समज आहे. पेढीवर वाढलेल्या मुलाला जमाखर्च आपोआप येतो आणि इतरांना तो कधीच येत नाही, असे मानून आपण मोकळे होतो. या समजाला छेद देणारा एक प्रयोग विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात झाला. तो कोणत्याही महाविद्यालयात झाला नाही. खेड्यांतील मुलामुलींच्या मंडळांत झाला.

त्या काळी दक्षिणेतील शेती म्हणजे कापूस. लहान शेतकरी आणि वाट्याने जमीन कसणारे कूळ वसंतात दुकानदाराकडून बियाणे व पीठमीठ उधार घेई, आणि त्यापोटी शेतात उभे राहावयाचे पीकच तारण ठेवी. शरदात कापूस विकला गेला की हिशेब होई. पण तो हिशेब दुकानदाराच्या वहीत असे. शेतकऱ्याची स्वतःची वही नसे. त्यातच १८९२ च्या सुमारास बोंडे पोखरणारा सोंडकिडा मेक्सिकोतून टेक्ससमध्ये शिरला आणि एकाच पिकावर विसंबलेला संसार डळमळू लागला.

नव्या पद्धतीची शेती प्रौढांना पटवणे कठीण गेले. तेव्हा सीमन नॅप या वृद्ध कृषितज्ज्ञाने १९०८ पासून मुलांच्या मका मंडळांना सरकारी पाठबळ मिळवून दिले. प्रत्येक मुलाने एक एकर मका लावावा, असा नियम होता. १९१० साली दक्षिण कॅरोलायनातील जेरी मूर या मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका काढला. त्या राज्याची सरासरी तेव्हा वीस बुशेलांच्या आसपास होती. परंतु या मंडळांचे खरे मर्म अशा विक्रमांत नव्हते, ते गुणदानाच्या पद्धतीत होते. शंभरांपैकी ३० गुण उत्पन्नाला आणि तितकेच ३० नफ्याला होते. उरलेल्यांपैकी २० उत्तम कणसांच्या नमुन्याला आणि २० पीक कसे घेतले त्याच्या लेखी वृत्तान्ताला. म्हणजे नुसते भरघोस पिकवून भागत नसे. त्यासाठी काय खर्च आला, हे मुलाला मांडून दाखवावे लागे.

मग मुलींचे काय? हा प्रश्न दक्षिण कॅरोलायनातील एकेन परगण्यातील मेरी क्रोमर या शिक्षिकेला पडला. १९०९ च्या अखेरीस तिने मका मंडळांवरील एक भाषण ऐकले आणि १९१० साली चाळीसहून अधिक मुलींचे टोमॅटो मंडळ काढले. प्रत्येक मुलीला एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे आपल्या मापाने चार गुंठे जमीन. टोमॅटो नाशवंत, ताजा विकायला गेले तर भाव पडणार. म्हणून तो उकळून डब्यांत बंद करण्याचे शिक्षण मुलींना देण्यात आले. पहिल्याच हंगामात केटी गंटर या मुलीने आपल्या चार गुंठ्यांतून ५१२ डबे भरले आणि ४० डॉलर नफा मिळवला. पुढे व्हर्जिनियात एला ॲग्न्यू आणि उत्तर कॅरोलायनात जेन मॅकिमन यांनी हे काम वाढवले. डब्यांवर एकच छाप लागू लागली. छाप एक म्हणजे मालाची प्रत एक, आणि एकीने खराब डबा विकला तर सगळ्यांची पत जाणार, हा धडा त्या छापेतून मिळाला. याच मंडळांतून पुढे ‘फोर-एच’ ही संघटना उभी राहिली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने या सर्व कार्याला कायमचा सरकारी आधार दिला.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. दुकानदाराच्या वहीत सर्वांत खोल अडकला होता तो कृष्णवर्णीय शेतकरी. त्याच्यासाठी टस्कीगी संस्थेच्या थॉमस कॅम्बेल यांनी १९०६ पासून गावोगाव गाडी फिरवली. परंतु १९१४ नंतर दक्षिणेत सरकारी निधीची सूत्रे गोऱ्यांच्या कृषी महाविद्यालयांच्या हाती राहिली. कृष्णवर्णीय मुलांची मंडळे वेगळी, आणि त्यांच्या वाट्याला येणारा पैसा तुटपुंजा. हा भेद कायद्याने मोडायला १९६४ साल उजाडावे लागले. ज्यांना हिशेबाची वही सर्वांत आधी मिळायला हवी होती, त्यांना ती सर्वांत शेवटी मिळाली.

शहरांतही ही कल्पना गेली. १९१९ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे कागद कारखानदार होरेस मोझेस, दूरध्वनी उद्योगातील थिओडोर व्हेल आणि सिनेटर मरे क्रेन यांनी ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ स्थापन केली. तिच्या मंडळांतील मुले भाग विकून चिमुकली कंपनी काढत, माल बनवून विकत आणि अखेरीस भागधारकांना हिशेब देत. आपल्या देशात १९५२ साली सुरू झालेल्या समूह विकास योजनेत जी युवक मंडळे निघाली, त्यांच्यामागेही कृषी विस्ताराचा हाच विचार काही अंशी होता.

या मंडळांनी मुलांना मोठे भांडवल दिले नाही. त्यांनी दिली चार गुंठे जमीन, सोसवेल इतकाच तोटा आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली वही. आज एखादे युवक मंडळ उद्योगाचे शिक्षण देऊ पाहत असेल, तर त्याने व्याख्यानांआधी ही वही मुलांच्या हाती द्यावी; आणि ती आपल्या गावातील कोणाच्या हाती अजून पोहोचलेली नाही, हेही पाहावे.