कार्यादेशातली नदी

उचगावजवळच्या तावडे हॉटेलच्या चौकातून पुण्याच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर शिरोलीचा पूल लागतो आणि पंचगंगा ओलांडली जाते. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये याच पट्ट्यात महामार्गावर पाणी आले. पुणे-बंगळूर रस्ता तुटला आणि मालमोटारींच्या रांगा कितीतरी दिवस जागेवरून हलल्या नाहीत. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी मानतात. या दोन्ही पुरांत नदीने 55 फूट ओलांडले. प्रत्येक महापुरानंतर एक मागणी ठरलेली असते: तज्ज्ञांकडून शास्त्रीय अभ्यास करून घ्या. पण पंचगंगा ही अभ्यासाविना राहिलेली नदी नाही. तिच्या खोऱ्यावर शंभर वर्षे आकडेमोड चालली आहे, आधी सरकारी अभियंत्यांची आणि पुढे सल्लागार कंपन्यांची. माझे म्हणणे असे की या अभ्यासांनी त्यांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा चोख दिली. उचगाव ते शिरोली या पट्ट्याचा प्रश्न मात्र कोणाच्याच कार्यादेशात पूर्णपणे बसला नाही.

सुरुवात मुंबई इलाख्यापासून करावी लागते. 1916 मध्ये इलाख्याच्या पाटबंधारे खात्याने पुण्याजवळ जे संशोधनाचे काम सुरू केले, त्यातून पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक क्लॉड इंग्लिस. इंग्लिस आणि डिसोझा या दोघांनी 1929 च्या सुमारास पश्चिम भारतातल्या 53 ठिकाणची प्रवाहमोजणी एकत्र करून पाऊस आणि नदीत उतरणारे पाणी यांचे नाते सूत्रात बांधले. घाटमाथ्यासाठी एक सूत्र, सपाटीसाठी दुसरे. घाटात वर्षाचा पाऊस सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याला 0.85 ने गुणायचे आणि 30.5 वजा करायचे. गगनबावड्याकडे 500 सेंटिमीटर पाऊस धरला तर 394 सेंटिमीटरहून अधिक पाणी वाहून खाली येते. सपाटीच्या सूत्रात 60 सेंटिमीटर पाऊस घातला तर उत्तर जेमतेम 10 सेंटिमीटर. उचगावच्या आकाशाकडे पाहून पंचगंगेच्या पुराचा अंदाज का बांधता येत नाही, हे या दोन ओळींच्या गणिताइतके स्वच्छ क्वचितच कोणी सांगितले असेल. पूर येतो तो कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीच्या माथ्यावरून. चिखलीच्या प्रयागावर तो एकवटतो आणि तिथून पुढे जिथे उतार संपत आलेला असतो तिथे पसरतो.

त्याच इंग्लिसांचे पुराच्या कमाल विसर्गाचे सूत्रही इलाख्यात वर्षानुवर्षे वापरले गेले. पंख्यासारख्या पसरलेल्या पाणलोट क्षेत्रांसाठी ते होते, आणि पंचगंगेचे खोरे तर हाताचा पंजा उघडावा तसे. पण हे सूत्र कशासाठी होते ते विसरू नये. धरणाचा सांडवा केवढा ठेवावा म्हणजे धरण फुटणार नाही, हे ठरवायला ते बनवले होते. त्यामुळे ते वरची मर्यादा सांगते. पाणी किती दिवस तुंबून राहील, कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे सरकेल, हे त्याला विचारलेलेच नव्हते. राधानगरी धरणाचे उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर हे काम हाती घेतले. पैशाअभावी ते रखडले आणि स्वातंत्र्यानंतरच पुरे झाले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि एकेकातून 1428 क्युसेक पाणी बाहेर पडते. धरणाच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाला हे उत्तम उत्तर आहे. मात्र खाली पूर चढत असताना हे दरवाजे उघडावेत की थांबवावेत, या निर्णयाला त्या रचनेत जागाच नाही, कारण तो प्रश्न तेव्हा कोणाच्या समोर नव्हता.

स्वातंत्र्यानंतर नद्यांवरची मोजणी वाढली, पण तिचे ध्येय बदलले. 1969 मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादापुढे भांडण पाणीवाटपाचे होते. 75 टक्के खात्रीने कृष्णेत किती पाणी मिळते, हा प्रश्न होता. उत्तर 2060 टीएमसी निघाले आणि त्यातले 560 महाराष्ट्राच्या वाट्याला आले. पावसाळ्यातला एखादा आठवडा नदी कशी वागते, हे या हिशेबात गौण होते. ही सवय इतकी मुरली की 2005 च्या महापुरानंतरही आपण पुराचा प्रश्न वाटपाच्या भाषेतच विचारला: दोष आलमट्टीचा आहे का? कर्नाटकातल्या त्या 123 टीएमसीच्या धरणाच्या फुगवट्याबद्दल गेली वीस वर्षे सांगली-कोल्हापुरात जेवढे बोलले गेले तेवढे खोऱ्यातल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीबद्दल बोलले गेले नसेल. 2019 नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने 2020 च्या अहवालात आलमट्टीला जबाबदार धरले नाही. त्याने समाधान झाले नाही, म्हणून पुढे रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे तोच विषय सोपवण्यात आला. राज्याराज्यांच्या भांडणात हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे मान्यच आहे. पण आलमट्टी असो वा नसो, शिरोलीजवळ पाणी का अडते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

बाहेरची कंपनी नेमण्याची पद्धत मुख्यतः जागतिक बँकेच्या पैशाबरोबर रुळली. हायड्रॉलॉजी प्रोजेक्टचा पहिला टप्पा 1995 मध्ये सुरू झाला आणि दुसरा 2006 ते 2014 चालला. दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी प्रवाहाचा तात्काळ अंदाज आणि धरणांतून पाणी सोडण्याची सल्लाप्रणाली तयार करायचे काम डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेकडे गेले. पावसाची आणि पातळीची आकडेवारी आपोआप पाठवणारी यंत्रे खोऱ्यात बसली आणि संगणकावर नदीचे प्रतिरूप उभे राहिले. धरणाच्या अभियंत्याला येणाऱ्या पाण्याची आगाऊ सूचना मिळू लागली, ही मोठीच गोष्ट होती. पण तो प्रश्न धरणाचा होता. दरम्यान सुवर्ण चतुष्कोन योजनेतून महामार्ग चौपदरी झाला आणि आता तो सहापदरी होतो आहे. रस्त्याच्या सल्लागाराला पुलापुरते विचारलेले असते: पुराची सर्वोच्च पातळी किती, पाण्याला वाट किती रुंद द्यायची, पाया किती खोल न्यायचा. पुलाच्या दोन्ही बाजूंना पूरमैदानातून जो भराव जातो, त्याचा हिशेब वेगळ्या प्रकरणात येतो. मोऱ्यांची संख्या ठरते ती नाल्यांवरून, पसरलेल्या नदीवरून ठरत नाही. 2021 मध्ये पूल उभा होता आणि रस्ता पाण्याखाली होता, हे त्या विभागणीचेच चित्र आहे. तिसरा अभ्यास पूररेषेचा. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. तो जलसंपदा विभाग करतो, बांधकामाची परवानगी दुसरेच कोणी देते, आणि उचगावसारख्या शहराला चिकटलेल्या गावात ग्रामपंचायत, महापालिकेची हद्द आणि 2017 पासूनचे नागरी विकास प्राधिकरण अशा तीन कचेऱ्या एका जमिनीकडे तीन नजरांनी पाहतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की परक्या कंपन्यांना आपली नदी कळत नाही, काम खात्यातल्या लोकांनीच करावे. यात भावना खरी आहे, तर्क कच्चा आहे. इंग्लिसही बाहेरचाच होता. त्याची सूत्रे टिकली, कारण 53 ठिकाणी कोणीतरी वर्षानुवर्षे पट्टीवरचा आकडा वहीत उतरवत होते. नाशिकच्या मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेसारख्या सरकारी कचेऱ्यांनी याच तऱ्हेचे काम मोठ्या धरणांसाठी केले आहे. आकडा विश्वासार्ह असेल तर त्यावर गणित कोण करतो हे दुय्यम ठरते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आजची संगणकीय प्रतिरूपे सगळे खोरे एकत्र पाहतात, तेव्हा प्रश्न तुटक विचारल्याची तक्रार जुनी झाली, असे म्हणता येईल. तंत्रापुरते ते बरोबर आहे. पण प्रतिरूपात भरावाची उंची बदलून पाहायची की नाही, हे तंत्र ठरवत नाही, ते कामाच्या व्याप्तीच्या कलमात ठरते. ज्या गोष्टीसाठी कंपनीला पैसे मिळालेले नाहीत ती गोष्ट ती करणार नाही, आणि तिने का करावी? भरावामुळे पाणी तुंबते ही गावोगावची तक्रार खरी की वाढवून सांगितलेली, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. दोन्ही शक्यता तपासायला लावणारा करार मात्र करता येतो. तिसरा आक्षेप पावसाचा: एवढा पाऊस पडला तर कोणताही अभ्यास काय करणार? काहीच थांबवणार नाही. पण महामार्ग बंद होणे हे पावसाने ठरवलेले नाही. रस्ता किती उंचीवर आणि कशावर उभा करायचा हे माणसांनी ठरवले आहे.

आता जागतिक बँकेच्याच साहाय्याने कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी तीन हजार कोटींहून मोठ्या रकमेचा कार्यक्रम मंजूर झाला आहे, म्हणजे पुन्हा सल्लागार नेमले जातील. निविदेत काय लिहावे याची एक साधी कसोटी राजाराम बंधाऱ्यावरच आहे. तिथली पट्टी फुटांत आहे आणि सगळा जिल्हा नदीला फुटांनीच ओळखतो. बेचाळीस झाले म्हटले की लोक जनावरे सोडतात, सामान माडीवर नेतात. पूररेषेचे नकाशे आणि सल्लागारांची प्रतिरूपे समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये बोलतात. बंधाऱ्यावर 50 फूट असताना शिरोलीच्या रस्त्यावर, गांधीनगरच्या गोदामांत आणि उचगावच्या खालच्या अंगाच्या वस्तीत पाणी कुठवर येईल आणि किती दिवस थांबेल, त्या प्रत्येक फुटासाठी एक ओळ, असा तक्ता पुढच्या कार्यादेशात नावानिशी मागितला पाहिजे, आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागल्याशिवाय शेवटचा हप्ता अदा होऊ नये.