पातूर ते अमरावती : प्राध्यापकाच्या स्थाननिश्चितीचा रस्ता

मंडळी, प्राध्यापकाची बढती हा विषय ऐकायला कोरडा आहे, कबूल. पण पातूरसारख्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातून पाहिलं, की त्याचा इतिहास जरा वेगळा दिसतो.

आधी रस्ता डोळ्यांपुढे आणा. पातुरात रेल्वे नाही. एस.टी.नं अकोला, तिथून पुढं अमरावती. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्याआधी तर आपलं विद्यापीठ नागपूरचं होतं, १९२३ मध्ये स्थापन झालेलं. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ निघालं, तेव्हा ते जरा जवळ आलं. आपल्याकडच्या प्राध्यापकांची जुनी संघटना मात्र आजही 'नुटा'च, आणि त्यातला 'न' नागपूरचाच!

पूर्वी माणूस अधिव्याख्याता म्हणून लागायचा आणि बहुधा अधिव्याख्याता म्हणूनच निवृत्त व्हायचा. वरची जागा रिकामी झाली तर बढती, आणि लहान कॉलेजात वरची जागाच नसायची. १९८६ च्या वेतनश्रेणीनं ही गाठ सोडवली. जागा असो-नसो, आठ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, नंतर आणखी आठ वर्षांनी निवड श्रेणी. अट प्रशिक्षणाची. त्यासाठी यूजीसीनं १९८७ पासून विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. उद्बोधन वर्ग चार आठवड्यांचा, उजळणी वर्ग तीन.

आता हे चार आठवडे बघा. नियमात बाई-पुरुष असा भेद कुठंच नव्हता. पण घरी तान्हं लेकरू असलेल्या बाईनं महिनाभर परगावी राहायचं कसं? वर्ग पुढं ढकलला की स्थाननिश्चिती पुढं ढकलली जाते, आणि त्याचा हिशेब थेट पेन्शनपर्यंत जातो. ही अडचण ओळखायला व्यवस्थेला फार वर्षं लागली. २०१६ च्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या महिलांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळाली. ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांनाही मुदतीची तीच सवलत. २०१८ मध्ये 'अर्पित' नावाचे ऑनलाइन उजळणी वर्ग निघाले. कोरोनानंतर ऑनलाइन वर्ग नेहमीचेच झाले. जे काम एस.टी.ला जमलं नाही ते मोबाइलनं केलं म्हणा!

२०१८ च्याच यूजीसी नियमांनी कॉलेजातल्या शिक्षकालाही कॅसमधून थेट प्रोफेसर होण्याचा रस्ता मोकळा केला. पीएच.डी. हवी, संशोधन हवं, पण रस्ता आहे. माझ्या मते आपल्या भागासाठी ही मोठी गोष्ट.

शिडी लांबली खरी, पण तिच्यावर पाय कोणाचा? वर्गात आज शिकवतो तो कितीदा तरी सीएचबीचा, तासिका तत्त्वावरचा माणूस असतो. नेट झालेला, सेट झालेला, पीएच.डी. सुद्धा. तासामागं पैसे, सुटीत काहीच नाही. नियमित नेमणूक नाही म्हणून कॅस नाही. बरं, पुढं कायम झाला तर मागची वर्षं धरतील? २०१८ च्या नियमांतलं दहावं कलम वाचा. आधीची तात्पुरती सेवा धरायची, तर तेव्हाचा पगार नियमित शिक्षकाच्या मासिक पगारापेक्षा कमी नसावा, अशी अट आहे. तासावर पैसे घेणारा त्यात बसणार कसा? दहा वर्षं शिकवलेला माणूस कायम होतो त्या दिवशी त्याच्या सेवापुस्तकाचं पहिलं पान कोरंच असतं.