कोऱ्या पत्रातला रक्तगट

आमच्या पुणतांब्याला गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्यानं ज्ञानदेवांना कोरंच पत्र धाडलं, ही कथा आमच्याकडे लहान मूलही सांगेल. पत्र कोरं होतं, तरी ज्ञानदेवांनी त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं. पुढे रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करताना मला त्या कोऱ्या पत्राची फार आठवण येई.

त्याचं कारण 'ओ' रक्तगट. रक्ताच्या एका थेंबात 'ए' ओळखणारा द्रव घालायचा, दुसऱ्यात 'बी' ओळखणारा. जिथे गुठळ्या होतील तो गट. दोन्हीकडे काहीच झालं नाही, तर 'ओ' लिहायचं. म्हणजे कोरं पत्रच! कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्नात रक्तगट शोधले, तेव्हापासून जग असंच वाचत आलं.

१९५२ मध्ये मुंबईत मात्र हे वाचन अडलं. काही माणसांचं रक्त 'ओ' सारखं दिसे, पण त्यांना 'ओ' गटाचं रक्तही जुळेना. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी इंग्लंडमधल्या तज्ज्ञांच्या साथीनं याचा छडा लावला आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्या गटाला शहराचं नाव मिळालं, 'बॉम्बे'. पुढे शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं तेच राहिलं.

यातली गंमत घराच्या उदाहरणानं समजते. तांबड्या पेशीवर आधी 'एच' नावाचा पाया बांधला जातो. त्यावर 'ए' किंवा 'बी'चा मजला चढतो. 'ओ'वाल्यांकडे मजला नसतो, पण पाया असतो. 'बॉम्बे'वाल्यांकडे पायाच नसतो. त्यामुळे त्यांच्या शरीराला 'ओ' रक्तातला पायाही परका वाटतो आणि ते त्या पेशींवर तुटून पडतं. त्यांना रक्त चालतं ते फक्त दुसऱ्या 'बॉम्बे'वाल्याचं. भारतात अशी माणसं साधारण १० हजारांत १ आढळतात, युरोपात १० लाखांत १.

हा पाया का बांधला जात नाही, हे कळायला आणखी चार दशकं लागली. १९९० मध्ये त्यासाठी जबाबदार जनुक हाती आलं. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं. १९९७ मध्ये भारतीय 'बॉम्बे' गटाच्या लोकांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यांच्या जनुकात एका जागी 'टी' या अक्षराऐवजी 'जी' आलं होतं. जनुक म्हणजे पाककृती, आणि प्रथिन म्हणजे त्यावरून झालेला पदार्थ. इथला पदार्थ म्हणजे ३६५ कणांच्या माळेचं एक विकर. त्यातला २४२ वा कण बदलला, आणि पेशीवर साखरेचा एक रेणू जोडण्याचं विकराचं काम बंद पडलं. सगळी पाककृती वाचणारं शास्त्र ते जिनोमिक्स, आणि शिजून काय तयार झालं, ते काय काम करतं, हे पाहणारं ते प्रोटिऑमिक्स. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

हा इतिहास मला पुस्तकात कळला. त्याची धग कळली एका रक्तदान शिबिरात. एका तरुणाच्या कार्डावर कित्येक वर्षं 'ओ' लिहिलेलं होतं. आमच्या नियमित उलट तपासणीत त्याच्या रक्तद्रवानं 'ओ' पेशींच्याही गुठळ्या केल्या. आम्ही नमुना पुढे पाठवला. 'बॉम्बे' निघाला. त्याच्या वडिलांनी मामाचीच मुलगी केली होती. आपल्याकडे ही रीत जुनी. दोघांकडे बदललेल्या जनुकाची एकेक प्रत असली, तर प्रत्येक अपत्यात चारात एक शक्यता असते. म्हणून त्याच्या बहिणीचीही तपासणी हवी, हे सांगायला मी घरी गेलो.

आई ऐकूनच घाबरली. "भाऊ, हे कुठं बोलू नका. पोरीचं लग्न व्हायचंय."

मी म्हटलं, "मावशी, हा आजार नाही. पण उद्या बाळंतपणात रक्त लागलं, तर धावाधाव करायला वेळ नसेल."

मावशी काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी मुलगी स्वतःच रक्तपेढीत आली. तीही 'बॉम्बे' निघाली. लग्न ठरताना तिनं होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. बाळंतपणाच्या वेळी भाऊ आधीच दवाखान्याच्या ओसरीवर येऊन बसला होता. रक्त लागलं नाही. तो घरी जाऊन झोपला.

आज १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती 'जिनोम इंडिया' प्रकल्पानं संशोधकांपुढे ठेवली आहे. ते जानेवारी २०२५ मध्ये झालं. मोठी गोष्ट आहे. पण 'बॉम्बे' गट शोधायला अजूनही एवढं सगळं लागत नाही. परीक्षानळीत 'ओ' पेशींचा एक थेंब आणि 'एच' ओळखणारा द्रव पुरतो. कार्डावर 'ओ' असेल, तर रक्तपेढीत एवढं विचारा की 'ओ' पेशींशी तपासलं का. आणि घरात एकजण 'बॉम्बे' निघाला, तर बाकीच्या भावंडांनाही तपासायला न्या.