आरोग्याचं काम करणारी ताई नगरसेवकपदाला उभी राहते तेव्हा...

मोहल्ल्यात लसीकरणाला घरोघर फिरणारी, टीबीच्या पेशंटला गोळ्या संपेपर्यंत धीर देणारी, रात्री बाळंतिणीसोबत दवाखान्यात बसणारी एखादी ताई किंवा भाई आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे असतात. "तुम्ही निवडणुकीला का उभे राहत नाही?" असं लोक त्यांना म्हणतात. काही जण उभे राहतातही. पण सेवा वेगळी आणि उमेदवारी वेगळी. म्हणून महापालिकेच्या निवडणुकीबद्दलची कामाची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आरोग्य आणि महापालिकेचा संबंध काय?

74 व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांसाठी घटनेत बारावी अनुसूची आली. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, कचरा आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषय त्यात आहेत. म्हणजे गटार तुंबणं, नळाला घाण पाणी येणं, दवाखान्यात डॉक्टर नसणं हे थेट नगरसेवकाच्या टेबलावरचे प्रश्न आहेत. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवराची साथ पसरली, तेव्हा लसीकरणासाठी उलेमा आणि मोहल्ल्यातल्या कार्यकर्त्यांचीच मदत घ्यावी लागली. लोकांचा विश्वास असलेला माणूस सभागृहात असला तर साथ येण्याआधीच बोलता येतं.

कोण उभं राहू शकतं?

वय 21 पूर्ण हवं आणि त्या महापालिकेच्या मतदार यादीत नाव हवं. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण महिला राखीव नसलेल्या जागेवरूनही बाई लढू शकते, हे अनेकांना माहीत नसतं.

अर्ज कुठे अडकतो?

चांगली माणसं छाननीत किंवा निवडून आल्यावर कोर्टात अडकतात, ती बहुतेक याच कारणांनी:

1. अपत्यांची अट: 12 सप्टेंबर 2001 नंतर मूल झाल्यामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर उमेदवार अपात्र ठरतो.

2. महापालिकेशी कंत्राट: उमेदवाराचा महापालिकेच्या कंत्राटात किंवा नोकरीत प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर अपात्रता येऊ शकते. समाजसेवकांनी ही गोष्ट सर्वात आधी तपासावी. तुमची संस्था महापालिकेचं काम पैसे घेऊन करत असेल, किंवा तुम्ही स्वतः मानधनावर आरोग्य सेविका असाल, तर अर्ज भरण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

3. थकबाकी: घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावत्या जपून ठेवा.

4. जात पडताळणी: आरक्षण धर्मावर नाही, जातीवर आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. ओबीसी जागेवर लढायचं तर दाखल्यासोबत वैधता प्रमाणपत्रही लागतं. ते मुदतीत सादर केलं नाही तर जिंकलेली जागाही जाते. शाळेचा दाखला, आजोबा-वडिलांचे जुने कागद आजपासूनच शोधायला लागा.

5. शपथपत्र आणि हिशेब: गुन्हे, मालमत्ता, शिक्षण यांची माहिती खरी द्यावी लागते. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब दिला नाही तर पुढची निवडणूक लढवण्यावर बंदी येऊ शकते.

प्रचारात काय टाळावं?

धर्माच्या नावाने मत मागणं आणि मशीद किंवा कुठलंही प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरणं आचारसंहितेत बसत नाही. जुम्म्याच्या गर्दीत पत्रकं वाटण्याचा मोह टाळलेलाच बरा. रुग्णाला केलेली मदतही मताच्या बदल्यात मोजू नये. कोणाचा आजार, कोणाचं ऑपरेशन हे भाषणात सांगणं म्हणजे अमानतीत खयानत आहे.

निवडून आल्यावर हातात काय येतं?

एकटा नगरसेवक हॉस्पिटल बांधू शकत नाही. पण अर्थसंकल्पात आपल्या दवाखान्यासाठी तरतूद मागणं, सभागृहात प्रशासनाला जाब विचारणं आणि प्रभाग समितीत पाणी-गटाराची कामं मार्गी लावणं त्याला जमतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना मात्र राज्य सरकारची आहे. तिचे नियम बदलण्याचं आश्वासन कोणी उमेदवार देत असेल तर तिथेच त्याला थांबवा.

निवडणूक न लढताही दार उघडं आहे

कायद्याने प्रभाग समितीवर त्या भागात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. त्यांना मतदानाचा हक्क नसतो, पण प्रश्न मांडता येतात.

मतदार म्हणून आपण काय विचारावं?

"बाई मदतीला धावून येते" एवढ्यावर मत देऊ नका. तिला विचारा: आपल्या वॉर्डातल्या दवाखान्यात किती पदं रिकामी आहेत? लसीकरण कुठल्या गल्लीत कमी आहे? पहिल्या वर्षी कुठलं एक काम पूर्ण कराल? ज्याने खरंच काम केलंय, त्याच्याकडे उत्तरं तयार असतील. मग त्याची बिरादरी किंवा पक्ष कुठला, हा सवाल मागे पडला तरी आपलं नुकसान होणार नाही.