उन्हाचं पेटंट

मंडळी, मुडदूस हा रोग तुम्हाला नवा नाही. हाडं मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शहरांत, जिथं धुरामुळं ऊन अंगाला लागत नसे, तिथं गोरगरिबांची कितीतरी मुलं या रोगानं अधू होत.

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. दूध, लोणी आणि चीज यांवरच त्या मुलखाचा संसार. तिथल्या विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक हे शेतकरी घरातले प्राध्यापक होते. खाद्यपदार्थांवर अतिनील किरण सोडले, की त्यांत मुडदूस बरा करण्याचा गुण येतो, असं त्यांनी १९२४ च्या सुमारास दाखवून दिलं. ज्याला आपण ड जीवनसत्त्व म्हणतो तेच हे! त्यांनी या कृतीचं पेटंट घेतलं, म्हणजे काही वर्षांपुरता कायद्याचा हक्क. तो हक्क त्यांनी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १९२५ साली काढलेल्या प्रतिष्ठानाकडे सोपवला. कारखानदारांनी परवाना घ्यायचा, पैसा पुन्हा संशोधनाला लावायचा. सोय मोठी नामी होती.

पण एक गोम होती. मार्गरीन, म्हणजे बनावट लोणी, करणाऱ्यांना प्रतिष्ठान परवाना देईना. मार्गरीन खपलं तर आपल्या शेतकऱ्याचं लोणी पडून राहील, ही भीती! तुम्ही म्हणाल, यात काय चुकलं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण स्वस्त मार्गरीन खाणार कोण? ज्यांच्या पोरांना मुडदूस होतो, तीच माणसं. खटला चालला तेव्हा न्यायालयानंही याच गोष्टीवर बोट ठेवलं. सूर्याचे किरण हे काम पूर्वीपासून करीतच आले आहेत, असं ठरून १९४५ पर्यंत ती पेटंटं निकालात निघाली.

पुढं सरकारी पैशातून होणारं संशोधन वाढलं. शोध लागत, पेटंटं सरकारच्या नावे होत आणि दप्तरात राहत. सुमारे २८,००० पेटंटं जमली. उद्योगांनी उचलली ती शंभरात पाचांहूनही कमी. तेव्हा बर्च बे आणि रॉबर्ट डोल या दोन विरुद्ध पक्षांच्या सिनेटरांनी मिळून कायदा आणला. १२ डिसेंबर १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांची त्यावर सही झाली. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचा हक्क आता विद्यापीठाला स्वतःकडे ठेवता येऊ लागला. संशोधकाला त्यात वाटा मिळू लागला. मात्र लोकांच्या आरोग्याची गरज भागत नसेल, तर दुसऱ्याला परवाना देवविण्याची किल्ली सरकारनं आपल्या हाती राखली. पुढच्या चाळीस वर्षांत ती एकदाही फिरवली गेली नाही, आणि औषधं तर महाग होतच गेली!

आपल्याकडंही त्याच धर्तीचं विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत आलं. जनतेच्या पैशानं लागलेल्या शोधासाठी जनतेनं पुन्हा किंमत का मोजावी, असं अनेकांनी विचारलं. चर्चा पुष्कळ झाली, आणि २०१४ साली ते विधेयक मागं घेतलं गेलं.